प्रवासाचा उद्देश

जेवणं उरकली की टेबल पुसून
आम्ही त्यावर समुद्र पसरतो.
समुद्र म्हणजे लातूरच्या सिराजभाईंनी दिलेला नकाशा,
घड्यांवर विरत आलेला.
तीन कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या.
चौथ्यावर खापर.

विश्वंभरला बेटं हवीत.
तेहतीस वर्षं धरणावर बसून
पट्टीवरचा आकडा वहीत उतरवला त्यानं,
आणि शेवटची कित्येक पानं
निरंक, निरंक, निरंक.
आता म्हणतो, असं पाणी बघायचंय
ज्याची पातळी मोजायला कुणी बसत नाही.

मला पडकं हवंय.
डोंगरावरचे ते छप्पर नसलेले खांब,
कुणी डागडुजी करा म्हणून मागे लागत नाही असे.
नणंद फोनवर हसते,
"पडकं बघायला अडीच लाख? वहिनी,
तेरात काय कमी हाय व्हय?"

कमी नाही.
आमच्या शाळेच्या मागेच पांढर,
पाय घसरला तरी हाताशी मणी लागायचा.
खापर तिथलंच, मी आठवीत होते.
पुण्याहून टेप घेऊन आलेल्या एका साहेबांनी
ते जिभेला लावलं (मला किळस आली) आणि म्हणाले,
पोरी, ही माती इथली नाही.
हा कान आहे एका घड्याचा.
दारू भरून समुद्रावरून आला, भडोचला उतरला,
मग महिनाभर बैलगाडीत.
दारू कुणी प्यायली ते मात्र
त्यांना सांगता आलं नाही.

सिराजभाई म्हणतात, मे महिन्यात चला,
ऊन पूर्ण गॅरंटीचं.
विश्वंभरला ठसका लागतो.
पंचेचाळीस डिग्रीतून उठून
उन्हासाठी पैसे मोजायचे!
तिकडचं वेगळं असतं, सिराजभाई म्हणतात,
तिकडच्या उन्हाला वारा असतो.
मग हा रात्री वहीत रकाने आखतो
विमान, बोट, राहणं, इतर,
आणि 'इतर'मध्ये लिहितो: धपाटे, चार दिवस टिकतील.
पाचव्या दिवसाचं काय, ते लिहीत नाही.

फॉर्म माझ्याकडे आहे, माझं अक्षर बरं म्हणून.
पूर्वी परदेशी गेला आहात का?
नाही.
प्रवासाचा उद्देश?
इथं पेन थांबतं.
'पर्यटन' लिहा, सिराजभाईंचा पुतण्या सांगतो,
सगळे तेच लिहितात.
मी खापर उचलते, समुद्राचा कोपरा गुंडाळला जातो,
एक बेट बरणीखाली जातं.
हा कान धरून कुणीतरी घडा उचलला असेल
तिकडच्या एखाद्या धक्क्यावर,
त्याच्या बोटाची खूण आतून अजून लागते,
माझं बोट त्यात बसत नाही, मोठं होतं.
'परत करायला जाते' असं लिहिलं तर?
पण करणार तर नाही मी परत.

काल टँकर आला.
निळं पिंप काठोकाठ भरलं, रात्री नऊ वाजता,
आणि विश्वंभरला काय सुचलं कोण जाणे,
कूलरखालची जुनी वीट काढून आणली.
इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात
असं माझी आई सांगायची;
तो लग्नापासून हसत आलाय.
हिशोबाचा माणूस. शिवाय एवढं पाणी
हौसेला कधी हाताशी होतं?

वीट खाली गेली.
मी काही बोलले नाही.
मग हळूच वर आली,
कलली, सावरली,
आणि राहिली.

बॅटरी धर म्हणाला.
वाकून बघत राहिला, पट्टी बघायचा तसा,
एक डोळा मिटून.
विटेवर एक मुंगळा होता, कूलरखालून आलेला,
तो चारी काठांना जाऊन आला
आणि मधोमध थांबला.

वही आणली. तारीख टाकली.
कित्येक वर्षांनी त्या अक्षरात
निरंक सोडून काही लिहिताना मी पाहिलं:
बेट एक. पाण्यावर दोन बोटं.

फॉर्मचा रकाना अजून रिकामा आहे.
शुक्रवारी लातूरला जायचंय.
कूलर एका बाजूनं खचलाय, रात्रभर खडखडला,
त्याच्याखाली दुसरं काहीतरी लावायला हवं.