काय करून राहिले?

खालच्या मजल्यावरचे खोब्रागडे काका
सकाळी नळीने रस्ता भिजवत
मला विचारतात,
"काय करून राहिले भाऊ सध्या?"

चिपळूणच्या कानाला हे दोन तुकड्यांत ऐकू येतं.
काय करून.
मग, राहिले.
म्हणजे आधी काहीतरी करायचं
आणि मग राहायचं.
मी नुसताच राहिलोय.

शलाकाला विमानाची इंजिनं उघडता येतात.
तसा परवाना आहे, तिच्या फोटोसकट.
इंजिनं मिहानला उघडतात, चिपळूणला नाही.
हे इतकं सरळ होतं की भांडायलाही जागा सापडेना.
लाईट बिलाच्या मागे हिशेब मांडला:
तिचा पगार,
माझे पाच डॉक्टर, महिन्याच्या तीसेक कवळ्या.
मी "जाऊया" म्हणालो, लगेच,
इतक्या लगेच की तिने दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदाही विचारेल म्हणून थांबलो होतो.

लॅब विकायला एक दुपार पुरली.
फक्त मेणाच्या सुऱ्या आणि रंगांची पट्टी
मी मोज्यांत गुंडाळून आणली,
तिला न दाखवता.

इथे खामला, प्रतापनगर, धरमपेठ,
जिथे जिथे दाताची पाटी दिसली तिथे कार्ड ठेवून आलो.
"आमचं काम ठरल्या माणसाकडे जाते हो."
पाणी मात्र सगळ्यांनी माठातलं दिलं.

मग मार्च.
टॉवेल तासाभरात वाळून पापडासारखा उभा राहतो.
"कूलर नाही लावला काहून अजून?" हेही काकाच.
मी एकट्याने कूलर लावला, ताट्या बदलल्या, पंप जोडला.
सोनेगावहून उठलेलं विमान गच्चीवरून गेलं
आणि मी वर बघितलं,
त्यात तिचा हात असल्यासारखं.
मग स्वतःचाच राग आला.

महिन्याच्या एक तारखेला ती पैसे पाठवते,
खाली लिहिते, घर.
एकदा मी म्हणालो, "पगार झाला माझा."
गंमत म्हणून म्हणालो.
ती हसली नाही, ताट घेऊन बाल्कनीत गेली,
तिथे चव्वेचाळीस डिग्री होतं.

आईचा फोन येतो. "करमतं का रे तुला?"
बाबांच्या बदल्यांत आईने चार गावं पाहिली,
चार बालवाड्या सोडल्या.
तिला हे विचारल्याचं मला आठवत नाही.
मी विचारतो, "तुला करमायचं?"
ती म्हणते, दूध उतू जातंय, ठेवते.

एप्रिलात काका जिना चढून आले,
तोंडावर रुमाल.
रुमालात कवळी, मधोमध तडकलेली.
तर्री-पोह्यातल्या चण्याने घात केला, असं ते म्हणाले असावेत,
कारण दातांशिवाय ते
कुठल्याच गावची मराठी बोलत नव्हते.

मी मोजे उलगडले.
बाजारातून पावडर आणली, ओट्यावर प्लास्टर कालवलं.
इथल्या उन्हात ते लवकर धरतं,
पहिला साचा हातातच दगड झाला.
दुसरा जमला.
डाळीच्या कुकरशेजारी कोमट पाण्याच्या पातेल्यात
काकांचं हसू ठेवलं होतं.

तेवढ्यात खालून काकू ओरडल्या,
"भाऊ, काय करून राहिले?"
"दात करून राहिलो!" मी म्हणालो.
इतक्या मोठ्यांदा
की समोरच्या गॅलरीतली बाई वळून बघायला लागली.

एका कवळीने काही होत नाही, मला माहीत आहे.
काकांनी शंभराची नोट दिली,
ती मी घेतली.

रात्री दोनला शलाका आली,
मनगटापर्यंत इंजिनाच्या तेलाचा वास.
माझ्या नखांत पांढरं प्लास्टर.
तिने ते पाहिलं, काही बोलली नाही,
बेसिनपाशी थोडी बाजूला सरकली.
साबण एकच होता.
आधी तिने लावला, काळा करून माझ्या हातात दिला.