नकाशा

हमदानी येतो तेव्हा धड पहाट नसते, धड रात्र नसते.
अजान व्हायची असते. टांडालेच्या गल्लीत
आधी त्याचा वास पोचतो,
मग ढकलगाडीचं कण्हणारं चाक,
मग तो.

मी नळाचं कुलूप काढत असते.
एक डबा, पन्नास शिलिंग.
वही माझी, किल्ली माझी,
पाणी कुणाचं ते मला माहीत नाही.

त्याला पाहून माणसं जागची हलत नाहीत.
डबे हलतात. पायाने, हळूच,
जणू आपले आपणच सरकले.
बी ताउसी कांग्याचं टोक नाकाला लावते.
काल तिनेच त्याला बोलावलं होतं:
"खड्डा काठोकाठ आलाय रे, पावसाआधी उपस."
रात्रभर छातीपर्यंत आत उभा राहून त्याने उपसला.
निम्मे पैसे अजून तिच्याचकडे.

तो नळाला हात लावत नाही.
कॅन लांब ठेवतो, मी रबरी नळी लांबवते.
सहा वर्षं असंच चाललंय,
यावर आम्ही कधी बोललो नाही.

आज पहिली धार पडली आणि तो म्हणाला,
"म्वानाइदी, बंद कर."

वास त्याला आला. मला नाही आला.
"ताउसीच्या खड्ड्याची भिंत रात्री सुटली.
आत तुझा पाइप दिसला,
जोडावर काहीतरी गुंडाळलेला."

ते मीच गुंडाळलेलं. सायकलची ट्यूब.
कंपनीचा माणूस "उद्या येतो" म्हणाला होता,
त्याला आता वर्ष झालं.

बावीस डबे रांगेत. अकराशे शिलिंग.
आणि घरी शुकुरूचं पोट परवापासून वाहतंय.
मी आंब्याला बोल लावला होता.

कुलूप लावलं तसा गलका झाला.
कुणी ग्लास उजेडात धरला:
"बघ की, पलीकडची भिंत दिसतेय यातून!"
कुणी म्हणालं, मी भाव वाढवायला बघतेय.
हमदानी काही बोलला नाही.
खाली बसला, काडी घेतली,
धुळीत गल्ली काढू लागला.

मशीद. दळणाची गिरणी. सलूनचा कोपरा.
मग घरांमागचे खड्डे, एकेक गोल:
"हा बारा फूट. हा चारच, खाली खडक लागला.
याला तळ नाही, हा सरळ ओढ्यात सुटतो."
मग गोलांच्या मधून, कुठे अगदी चिकटून,
वाकडी रेघ: माझा पाइप.

लोक वाकले. प्रत्येकाने आपलं घर शोधलं.
ताउसीचा कांगा नाकावरून कधी घसरला
तिला कळलं नाही.
कुणी हसलं नाही.
"आणि तुझं घर?" मी विचारलं.

"माझ्याकडे खड्डाच नाही," तो म्हणाला.
"भाड्याची खोली. मालक म्हणतो, कुठेही जा."
काडी पँटला पुसली, गाडी उचलली.
रिकामा कॅन तिच्यात खडखडत गेला.

घरात कालचं अर्धा डबा पाणी आहे.
तेही याच नळाचं.
उकळायला कोळसा उधार कोण देईल
ते विचारत मी गल्लीभर फिरतेय,
कडेकडेने,
त्या धुळीवर पाय पडू नये म्हणून.