एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम

झिटाऊच्या चौकात टपालकचेरी उरलेली नाही.
श्री. थान्ह यांच्या दुकानात
लॉटरीची तिकिटं आणि सिगारेटी यांच्या मधोमध
एक पिवळा वजनकाटा आहे, तेवढंच टपाल.
तिथे मी खोकं ठेवलं.
एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम.

आत ओर्टविनचा वायुभारमापक.
पितळी कड, जाड काच,
भोवती दोन टॉवेल
आणि चुरगाळलेली आठवड्याभराची वर्तमानपत्रं.
"माग काढायचा नंबर लावू?"
"नको. घेणाराच नको म्हणतोय,
अडीच युरो वाचतात त्याचे."
थान्हनी खांदे उडवले, शिक्का मारला.

घेणारा मोम्मे केटेल्सन, हुसुम.
एकतीस वर्षं बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर.
चाळीस युरो त्याने आधीच धाडले होते,
फोटो पाहून, घासाघीस न करता.
म्हैस पाण्यात आणि मोल काठावर,
तसा आमचा व्यवहार.

तीन आठवडे.
खोकं हुसुमला नाही, झिटाऊला परत नाही,
त्याच्या शेजारणीकडे नाही,
पावसात कुठल्या दाराशीही नाही.
मोम्मे लिहितो: आज आलं नाही.
मग: आजही नाही.
मग नुसतंच: नाही.

माझा भाचा टिल वकिलाकडे कारकून आहे.
म्हणाला, मावशी, तू काही दुकानदार नाहीस.
एका माणसाने दुसऱ्या माणसाला विकलं.
वस्तू टपालाच्या हाती गेली
की हरवण्याचा धोका घेणाऱ्याच्या गळ्यात.
पावती आहे ना? मग हात वर कर.

पावती होती, साखरेच्या डब्याखाली.
मी हात वर केले. दोन्ही. स्वयंपाकघरात, एकटीने.
खाली घेताना जड लागले.

भिंतीवर एक गोल उरलाय,
तेवढ्याच जागी कागदाची निळी फुलं अजून निळी आहेत.
ओर्टविन रोज सकाळी तिथे बोटाच्या पेराने टकटक करायचा,
काटा जरासा थरथरायचा,
आणि तो छत्री घ्यायचा किंवा घ्यायचा नाही.
बहुतेकदा चुकायचं.

काल मोम्मेचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं, अक्षर तिरपं:
"बाई, तुमचा काही दोष नाही.
अडीच युरो मीच वाचवले.
एक सांगाल का,
खोक्यात घालताना काटा कुठे होता?"

काटा 'बदलतं'वर होता.
'वादळ'ही नाही, 'स्वच्छ'ही नाही.
ओर्टविन गेला त्या हिवाळ्यापासून तिथेच.
बांधण्याआधी मी टकटक केली होती,
एकदा, दोनदा, मग जोरात.
हलला नाही.
जाहिरातीत मी लिहिलं होतं: चालू स्थितीत.
तसंच राहू दिलं आणि चिकटपट्टी ओढली.

म्हणजे हुसुम आणि झिटाऊच्या मधे
कुठल्याशा गोदामात, पट्ट्याखाली पडलेल्या अंधारात,
माझं एक खोटंही आहे.
पावतीवर त्याचं वजन वेगळं लिहीत नाहीत.

टिलला विचारलं, नाव न घेता, दुसऱ्याच कुणाचं म्हणून.
हरवणं घेणाऱ्याचं, तो म्हणाला,
पण खोटं देणाऱ्याचं.
आणि खोटं वाटेतच हरवलं तर?
तो हसला. मावशी, मग कुणाला कळणार?

मोम्मेने मात्र काटा विचारलाय.
एकतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस
उगीच काटा विचारत नाही.
की विचारतो? मला समुद्र माहीत नाही.

आज पुन्हा थान्हच्या दुकानात.
पाकिटात वीस वीसच्या दोन नोटा
आणि चार ओळी, त्यांतली तिसरी तीनदा खोडलेली.
"नंबर?" त्यांनी सवयीने विचारलं,
माझ्याकडे न बघता.
लावा, म्हटलं. सही करूनच मिळू दे त्याला.

वीस ग्रॅम.
आकडे थोडा वेळ वरखाली झाले.