छताखालचा तास

आठवी ब. पाठ तिसरा, प्रबोधनयुग.
गुण चार, तासिका दोन.
कोलशेतच्या आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे,
त्याच्यावर कव्हर आहे, कव्हरावर धूळ आहे.
फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू ठेवून दिला.

म्हटलं, खिडकीपाशी या. एक डोळा मिटा.
काचेतून जे दिसतंय ते काचेवरच गिरवा,
स्केचपेननं, डोकं न हलवता.
"हललं तर?"
हललं तर गाव सरकेल.

आधी रिद्धेश तरे. बावीस मजल्यांचा टॉवर
त्यानं करंगळीएवढा केला नि खूश झाला.
मग रस्त्याच्या दोन्ही कडा, विजेचे खांब, तिवरं,
सगळ्या रेघा पळत पळत एका ठिपक्यात शिरल्या
आणि ठिपका आला नेमका
बोंबील वाळत घातलेल्या वलांडीवर.

मग दर्शना, वर्गात सगळ्यांत बुटकी.
तिच्या काचेवर नुसती कंपाउंडची भिंत,
भिंतीवर रोवलेले बाटल्यांचे तुकडे
आणि वर इंचभर आभाळ.
"बाई, चुकलं का माझं?"
मी वाकले. तिच्या उंचीवर आले. डोळा मिटला.
नव्हतं चुकलं.
पुस्तकात एका ओळीत आहे: माणूस केंद्रस्थानी आला.
किती उंचीचा, ते नाही.

दुसरा तास. बाकांच्या पोटाला खालून कागद,
सेलोटेप संपल्यावर गव्हाच्या पिठाची खळ.
झोपा म्हटलं उताणे, आणि वर रंगवा.
तिकडे इटलीत एकानं असंच, पाठीवर पडून,
अख्खं छत रंगवलं, वर्षानुवर्षं.
बाकांखालून अठ्ठ्याहत्तर पाय बाहेर.
शिपाई सदूभाऊ दारात आले,
पाय बघितले, काही न बोलता गेले.

पाच मिनिटांत कुरकुर. डोळ्यात निळा गेला. हात भरून आला.
एकच जण बाकाखाली शिरला नव्हता.
नागनाथ इबितवार, देगलूरहून जूनमध्ये आलेला,
तोवर वर्गात हजेरीपुरताच बोललेला.
"झोपून नाही करत, बाई. उभ्यानं करतात.
पप्पा घोडीवर उभे राहतात घोडबंदरला, नव्या फ्लॅटात.
झोपलं की ब्रशला जोर लागत नाही.
रंग इथून येतो," मनगटापासून कोपरापर्यंत
बोट ओढून दाखवलं. "रात्री मान खालीच येत नाही.
ताट असं वर धरून जेवतात."
कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

मी पुस्तक उघडलं. त्यात झोपल्याचं काहीच नव्हतं,
मीच कुठंतरी ऐकून वीस वर्षं सांगत आले होते.
घरी जाऊन शोधलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
उभाच होता तो. परातीवर, मान मागे टाकून,
आणि मानेनं त्यालाही रडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं.
वाटलं, नागनाथ खूश होईल.
त्यानं विचारलं, "त्याला दिवसाचे किती मिळायचे?"
रोजानं होता की ठेक्यानं?
मला माहीत नव्हतं. फळ्यावर लिहून ठेवलं,
पुढचा तास गणिताचा, पवार सरांनी
त्याच्याभोवती चौकट आखून बाजूला समीकरणं मांडली.

शनिवारी सदूभाऊंनी काचा पुसल्या रॉकेलनं.
टॉवर गेला, खांब गेले, बोंबील गेले.
खालची एक काच राहून गेलीय.
तिथं हात पोचायला वाकावं लागतं.