बोटभर सूत

घरामागे, मोरीलगत, जाळी.
आत लिंबाचं रोप, गवती चहा, ओली माती
आणि झेब्रा फिंचच्या तीन जोड्या.

शिफ्ट सुटली की नरसप्पा येमूल
टॉवेलच्या कारखान्यातलं तुटकं सूत आणतो,
बोटभर, बोटभर कापतो.
लांब दोरा पिलाच्या पायाला आवळतो;
चैत्रात एक गेलं तसं.
तेव्हापासून कात्री सदऱ्याच्या खिशातच.

आज त्रेचाळीस.
जाळीवर भिजवलेलं पोतं,
वाटीतलं राळं तसंच.

वीज गेली, गल्लीतले माग गप्प झाले
तेव्हा कुठे ऐकू आलं
घरट्यात बारीक, सुईच्या टोकाएवढं काहीतरी.

दुसऱ्या जोडीतल्या मादीला लाल चालत नाही.
चादरीच्या काठाचे तुकडे
रोज सकाळी खाली टाकलेले.
नरसप्पा वेचतो,
"बरं बाई," म्हणतो,
पांढरं कापायला बसतो.