आधी पायी

निनादने नकाशा आधीच रंगवून ठेवला होता.
सिमरोल सोडलं की डाव्या हाताला,
जिथे माळव्याचं पठार एकदम संपतं
आणि जमीन आपल्याच पायाशी वाकून बघते,
तिथून सहा किलोमीटर, दोन ओढे, एक खडी चढण.
गाडी टेम्पोत बांधलेली. लालभडक,
कमरेइतकी उंच, चाकांना नव्या रबराचा वास.
दोरखंड सोडायला त्याने हात घातला.
मी म्हटलं, राहू दे. आज आधी पायी.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात चढउतार मोजले.
निवृत्तीनंतर मला उतार कुणी विचारला नव्हता,
जिन्याचा सोडून.

काळी माती मुठीत घे. दाब.
लाडवासारखी वळली तर परत फिरायचं,
नाहीतर दोन चाकोऱ्या पडतील
आणि होळीपर्यंत तशाच वाळून बसतील,
बैलगाडीवाला तुझ्या नावाने बोटं मोडेल.
बोटांतून सांडली तर चल.
त्याने दाबली. वळली.
सराफ्यातल्या हलवायालाही वळता आला नसता
असा गोल लाडू. ऑक्टोबर संपत आला होता.
त्याने हात जीन्सला पुसले, म्हणाला,
ठीक आहे मामा, तारीख पुढे ढकलू.
पण बघून तर येऊ.

ओढा स्वच्छ होता. स्वच्छच तर फसवतं.
तळाला काळा फत्तर, वर शेवाळाची साय.
मी काठी टेकवली, काठी गेली.
वरच्या अंगाला, बारा पावलांवर, म्हशींचे खूर उमटले होते,
पाणी तिथे पसरट, खाली बारीक खडी.
म्हैस नकाशा बघत नाही,
तिला पोटाला गार लागतं तेवढं कळतं.

मग ती चढण. निनादला सरळ वर जायचं होतं,
नाक वर करून, गर्जना करत.
मी म्हटलं, उभा राहा इथे. टाचा टेकव.
टेकत नव्हत्या.
जिथे तुझी टाच टेकत नाही
तिथे ही गाडी पुढून उठते
आणि पाठीवर पडते.
पाठीखाली कोण असतं, सांग.
त्याने उत्तर दिलं नाही. बुटांकडे बघत राहिला.

तेवढ्यात घुंगरू वाजलं.
टेकडीच्या खांद्यावरून तिरपी, सात गाढवं उतरत होती,
प्रत्येकाला दोन बाजूंना विटांच्या गोण्या,
एकही थांबलं नाही, एकाचाही पाय सरकला नाही.
मी हसलो. अडला हरी, म्हटलं,
आणि पुढचं निनादने पुरं केलं, जरा वरमून.
गोण्यांसकट गाढव तुझ्या गाडीएवढंच रुंद असतं, बघ.
ही वाट कुणी आखली नाही,
पिढ्यान्‌पिढ्या थकत थकत पडलीय.

मागून गेंदालाल आला. खांद्यावर पंचा, दातांत काडी.
निनादने त्याला गाडीचं सगळं सांगितलं,
फोनवर फोटो दाखवले.
त्याने नीट बघितले. मग विचारलं,
ऊपर से कंई लाओगा इनमें?
काही नाही, निनाद म्हणाला. फिरायचं फक्त.
गेंदालालने मान डोलावली,
जशी आजारी माणसासमोर डोलावतात.
ने म्हारा जनावर सामे आया तो?

नकाशावर याला रंग नव्हता.
थोडा वेळ फक्त घुंगरू, खाली खाली जाणारं.
मग तिथेच, दगडावर बसून, दोघांचं ठरलं:
दुपारी एकपर्यंत वाट गाढवांची.
मंगळवारी हाट, म्हणजे दिवसभर त्यांची.
वळणापाशी इंजिन बंद करून कान द्यायचा.
गेंदालालला लिहून द्यायला निनाद कागद शोधू लागला.
तो म्हणाला, राहू दे भिया, चेहरा लक्षात ठेवतो.

वरपर्यंत गेलो. माझा गुडघा कुरकुरला,
दरीत साग होता, धूर होता, बाकी मी बसलो होतो.

संध्याकाळी गाडी आली तशी टेम्पोतून परत गेली,
चाकांना चिखलाचा डाग नाही.
रामबागेत, फाटकापाशी, निनादने बूट काढले,
एकेक शेरभर जड.
तळव्याचं ढेकूळ उपटून त्याने मुठीत दाबलं,
दिव्याखाली धरलं.
मामा, म्हणाला, अजून वळतेय.