फरशीचं लोणचं

बाळगोंडाच्या रसाच्या गाड्यावर
दुपारपर्यंत मोसंबीच्या सालांचा ढीग होतो.
पूर्वी तो गटारीत जायचा, आता माझ्या पिशवीत येतो.
"जैतुनबी, लोणचं घालतीस काय?"
"व्हय," मी म्हणते, "फरशीचं."

वीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात पुसणं केलं.
ॲसिडच्या बाटलीचं बूच काढलं
की आधी खोकला बाहेर यायचा.
बोटांवरच्या रेघा इतक्या झिजल्या
की रेशनच्या यंत्रानं मला ओळखच दिली नाही.
"दुसरं बोट लावा," पोरगा म्हणाला.
मी दहाही लावली.

एक वाटा गूळ, पेठेतला काळपट,
जो कुणी चहात घालत नाही.
तीन वाटे सालं. दहा वाटे पाणी.
कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही,
आतल्यांना श्वास लागतो.
पहिला महिनाभर रोज झाकण सैल करायचं.
भाचीच्या लग्नात एकदा विसरले,
झाकण उडून पत्र्याला लागलं,
मल्लव्वा "सिलेंडर! सिलेंडर!" करत रस्त्यावर.

न दिसणारे जीव ते.
गोड खातात, आंबट करून परत देतात,
हजेरी मागत नाहीत.
तिसऱ्या महिन्यात गाळलं
की चिंचेच्या कोळासारखं तांबूस उतरतं.

रिठ्याची गोष्ट वेगळी.
रात्री भिजवायचा, सकाळी चोळायचा.
तस्नीम पुस्तकात बघून सांगते:
फेसाचा एक हात तेलाला धरतो, दुसरा पाण्याला,
म्हणून मळ सुटतो.
मी म्हणलं, म्हणजे मधली सून की गं ही.

खोटं कशाला बोलू,
ऑपरेशनच्या खोलीत हे चालत नाही.
तिथं औषधाचंच उग्र पाणी, मापानं.
आणि शहाबादीवर निव्वळ ओतलं
तर फरशीची चमकच खातं, आंबट ते आंबट.
बादलीला एक झाकण, बास.

पण मोरीतून गेलेलं
शेवटी कृष्णेलाच जाऊन मिळतं,
आणि कृष्णेचंच नळाला येतं.
एवढी वर्षं
मी माझीच पुसलेली फरशी पीत होते काय?

परवा रेशनला डाव्या हाताचं तिसरं बोट लागलं.
यंत्र बोललं. पोरानं पावती फाडली.
मागं रांग खोळंबलेली,
आणि मी तिथंच उभी, बोट हुंगत.
मोसंबी.